ताटी होऊ दे

सकाळी आठ वाजता आम्ही दोघांनी व्हरांड्यात ताटी उभी केली. कूलरच्या पाठीला लावायची, अडीच फूट बाय अडीच फूट, वाळ्याची. खाली दोन विटा, बाजूला दोन विटा, हलू नये म्हणून. मी भिंतीकडं बसलो, सरू पायरीकडं पाटावर बसली. मधे वाळा. हे काम एकट्याचं नाही. एकानं दाभण आत घालायचं, दुसऱ्यानं पलीकडून ओढायचं, बांबूच्या कामटीवरून सुतळी फिरवायची आणि दाभण परत पाठवायचं. पन्नास उन्हाळे आम्ही नवराबायको असेच बसत आलो. दाभण यायला उशीर झाला की ती पलीकडून विचारायची, "आहात ना?" मी म्हणायचो, "जातोय कुठं."

त्या दिवशीही एकदोनदा विचारलं. मग म्हणाली की वंदना आपल्या दोघांना देवडीत न्यायचं म्हणतेय, एक रात्र राहायला. वंदना म्हणजे आमची मुलगी, कुकटपल्लीला असते. देवडी कुठली ते पुढं सांगतो. एवढं विचारायला सरू आठ दिवस थांबली असणार, हे मला आवाजावरून कळलं. मी दाभण घातलं आणि म्हटलं, "आधी ही ताटी होऊ दे. मग बघू."

"म्हणजे हो धरायचं का?"

"ताटी होऊ दे म्हटलं ना."

ती पलीकडं हसली. "चला, पन्नास वर्षांनी अर्धा होकार आला. उरलेला अर्धा ताटी झाल्यावर घेईन."

अकराच्या सुमारास ऊन सोसेना. दाभण तिच्या बाजूला होतं. ते तिनं वाळ्यातच खोचून ठेवलं आणि राहिलेले टाके उद्या घालू म्हणाली. अंबाड्याची भाजी आणि भाकरी खाल्ली. भाजीत मीठ कमी होतं, ते मी बोलून दाखवलं. ती खाटेवर आडवी झाली. चार वाजता मीच चहा केला, कधी नाही ते, आणि हाक मारली. दोन कप चहा होता. दोन्ही गार झाले.

त्याला आता वर्ष झालं. परत उन्हाळा आलाय. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत लोक गच्चीवरून कूलर उतरवून धुताहेत. कोपऱ्यावर ताडगोळ्यांची गाडी उभी राहते, त्यांना इथं मुंजल म्हणतात. परवा बेगमबाजारात गेलो होतो, हळद आणायला. वाळ्याचे भारे उतरले होते. दुकानदार गिऱ्हाइकाला वास यावा म्हणून त्यावर पाणी शिंपडतात. तो वास नाकात गेला आणि मी हळद न घेता परत आलो.

वाळ्याचं एक आहे. कोरडा असला की नुसती मुळं, घोड्यापुढं टाकायच्या लायकीची. पाणी लागलं की त्याला जीव येतो. मातीचा वास येतो, पण नुसत्या मातीचा नाही. विहिरीच्या आत वाकून बघितल्यावर येतो तसा. मी जन्मभर हेच काम केलं. चौथी शिकून नांदेडकडच्या आमच्या कोरडवाहू गावातून इथं आलो. शालीबंड्याला एका उस्तादाच्या हाताखाली ताट्या बांधायला शिकलो. तेव्हा कूलर नव्हते. मोठ्या घरांना, कचेऱ्यांना, नवाबांच्या देवड्यांना, म्हणजे त्यांच्या वाड्यांना, वाळ्याच्या ताट्या लागायच्या. दारांना, कमानींना मापानं बांधायच्या, आणि होळीपासून मृगापर्यंत तिथंच राहून त्यांच्यावर पाणी मारायचं. ताटी वाळली की काम बिघडलं.

माझं लग्न माघात झालं. होळी झाली आणि उस्तादांनी मला चारमिनारच्या मागच्या एका देवडीचं काम दिलं. देवडीचं नाव लिहीत नाही. आता तिथं हॉटेल आहे, त्यांना उगाच वाटायचं की म्हातारा फुकटची जाहिरात करतोय नाहीतर बदनामी. नऊ दारं होती. एका माणसाच्यानं नऊ दारं ओली राहत नाहीत. उस्ताद म्हणाले, बायकोला घेऊन जा, ती पाणी मारेल. असा माझ्या संसाराचा पहिला उन्हाळा महालात गेला. लोकांना सांगितलं तर हसतात.

महालात म्हणजे बग्गीखान्यात. मोठ्या फाटकातून आत गेलं की हौद, हौदाच्या चारी बाजूंनी दालानं, कमानींवर रंगीत काचा, आणि मागच्या अंगाला घोडे-बग्ग्यांची जागा. घोडे कधीच विकले गेले होते. एक बग्गी राहिली होती, चाकं नसलेली, विटांवर टेकवलेली. तिच्या शेजारी आमची चूल, पलीकडं आमची चटई. उंदीर बग्गीची गादी खायचे. सरूनं पहिल्या दिवशी सगळं झाडलं, बग्गीसुद्धा पुसली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुतळी न्यायला आलो तर ही पदर सावरून बग्गीत बसलेली. मला बघून उतरली नाही. म्हणाली, "चला, नांदेड. आईकडं जाऊन येऊ." मी म्हटलं, घोडा कुठाय. तिनं माझ्याकडं बघितलं आणि इतकी हसली की हौदावरची कबुतरं उडाली. अठरा वर्षांची होती.

आमच्या गावाकडं पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आणायचं. अशा ठिकाणची पोर, आणि तिला सांगितलं की दारावर पाणी फेक. पहिला दिवस ती नुसती लोटा हातात घेऊन उभी. मी ओरडलो, मार की. तिनं मारलं, पण तोंड असं केलं जसं काही मी तिला भाकरी उकिरड्यावर टाकायला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून ताटी छान ओली राहायला लागली, आणि बावडीवरच्या फेऱ्या मात्र कमी. मला वाटलं, शिकली. चार दिवसांनी देवडीचा मुन्शी बोंबलत आला. बघतो तर या बाईनं प्रत्येक ताटीखाली परात लावलेली. गळलेलं पाणी परातीत धरायचं आणि तेच परत मारायचं. वाळ्याचा रंग उतरून पाणी चहासारखं झालेलं. ते मारून मारून मोठ्या दालानाचा पांढरा दगडी उंबरा पिवळा पडला होता, बाजूचा चुना पण. मुन्शी म्हणाला, नवाबांच्या आजोबांनी बसवलेला दगड आहे हा. सरू खाली मान घालून म्हणाली, "पाणी वाया जात होतं."

मुन्शीला मराठी येत नव्हतं. मी उर्दूत सांगितलं. तेव्हा ताटीच्या आतून हसण्याचा आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा. "रहने दो मुन्शीजी. पत्थर है, पानी से डरता क्या?"

त्या बेगमसाहेबा. त्या दालानात त्यांची खोली होती. गुडघे गेलेले, मुलगे परदेशात, दिवसभर तख्तावर पडून. मुन्शीनं दगडाचा विषय सोडला. परात मात्र गेली, आणि सरूला दिवसाला चाळीस बादल्या बावडीतून काढाव्या लागल्या.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं सुरू झालं. एक आत, एक बाहेर, मधे ताटी. बेगमसाहेबांना मराठी कळेना, हिला उर्दू येईना. त्या विचारायच्या, क्या पकाई गे आज? ही सांगायची, पिठलं. त्या विचारायच्या, वो क्या होता? मग ही बाहेर उन्हात उभी राहून पिठलं कसं करतात ते हातवारे करून दाखवायची. ताटीआड कोण बघणार? मी हसायचो. तिला म्हणायचो, अगं वेडे, भिंतीला कशाला हात दाखवतेस. महिन्याभरात ती नक्को, हौ, कायकू बोलायला लागली. मला जेवायला हाक मारताना म्हणाली, "आव मियाँ." मी तिला ताकीद दिली, गावाकडं गेल्यावर असं बोलायचं नाही. गावाकडं गेल्यावर ती पहिल्याच दिवशी सासूला हौ म्हणाली.

ताटीचं काम कसं असतं ते एकदा नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गरम वारा बाहेरून येतो. ओल्या वाळ्यातून गार होऊन आत जातो. म्हणून पाणी बाहेरूनच मारावं लागतं. पाणी मारणारा उन्हात, गारवा आतल्याला. वैशाखात त्या दालानाची फरशी इतकी तापायची की सरू पायाखाली गोणपाट घ्यायची, ते भिजवायची, ते दोन मिनिटांत वाळायचं. गोरी होती. जेठापर्यंत मानेपर्यंत काळी झाली. आत काय गारवा जातोय हे तिला कधी कळलं नाही. मलाही नाही. आम्ही ताट्या बाहेरूनच बांधायचो आणि बाहेरूनच सोडायचो. जनानखाना होता तो.

एका दुपारी, आंब्याचे दिवस सुरू झाले होते, बेगमसाहेबा तिला म्हणाल्या, "अंदर आ के बैठ गे बेटी. जब तक टट्टी गीली है तब तक बैठ, सूखी तो जाके पानी मार." टट्टी म्हणजे आपली ताटी.

सरूनं मला संध्याकाळी विचारलं. बग्गीखान्यात मी चूल फुंकत होतो. ती पायरीवर बसली होती आणि तिचे पाय तिनं बादलीत सोडले होते. म्हणाली, आत बोलावलंय, जाऊ का, थोडा वेळ, बघून येते कसं आहे.

मी काय बोललो ते पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज लिहितो. मी म्हटलं, "नको. एकदा त्या गारव्याची सवय लागली की माझ्या पत्र्याखाली कशी राहशील?"

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. गौलीगुड्यात माझी एक पत्र्याची खोली होती, दुपारी तव्यासारखी तापणारी. उन्हाळा संपल्यावर हिला तिथंच न्यायचं होतं. तिनं ती खोली अजून बघितली नव्हती. लग्नाआधी मी तिच्या बापाला सांगितलं होतं, शहरात घर आहे. मला भीती वाटली. लोक काय म्हणतील, मजुराच्या बायकोनं नवाबाच्या घरात बसावं का, असलं पण काहीतरी मी जोडून बोललो, पण ते सगळं नंतरचं. खरं कारण पत्रा.

ती म्हणाली, "बरं." पाय बादलीतून काढले, पुसले, भाकऱ्या थापल्या.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या कमानीत टाके आवळत होतो. बेगमसाहेबांनी परत विचारलं. मी हात थांबवून ऐकत राहिलो. सरू म्हणाली, "नक्को अम्मीजान. मैं अंदर बैठी तो पानी कौन मारता?"

माझं नाव घेतलं नाही तिनं. पाण्यावर घातलं. मग बेगमसाहेबा म्हणाल्या, "ठीक है बेटी." त्यानंतर रोज दुपारी ताटीच्या कडेनं एक हात बाहेर यायचा, सुरकुतलेला, काचेच्या बांगड्यांचा, आणि त्यात एक वाटी असायची. कधी सोललेले मुंजल, कधी कैरीचं सरबत. सरूनं त्यांचा तेवढा हातच बघितला. तोंड कधी बघितलं नाही.

मृगाला ताट्या उतरवल्या. आदल्या आठवड्यात बेगमसाहेबांना त्यांच्या भावाच्या घरी हलवलं होतं, तब्येत बरी नव्हती. मोठ्या दालानाची ताटी मी सोडली आणि आतला अंधार मोकळा झाला. सरू माझ्या मागं उभी होती. स्वतःच पिवळ्या केलेल्या त्या उंबऱ्यावर तिनं एक पाय ठेवला आणि मान पुढं करून आत बघितलं. रिकामं तख्त, छताला कापडात बांधलेलं झुंबर. तेवढंच. ताटी निघालेली, बाहेर गरम, आतही गरम. मी म्हटलं, "चल, रिक्षा उभी आहे." तिनं पाय काढून घेतला.

पत्र्याखाली ती राहिली. अकरा वर्षं राहिली. एक शब्द बोलली नाही. दुपारी पत्र्यावर गोणपाटं टाकून त्यावर पाणी मारायची, सवय होतीच. गिऱ्हाइकांच्या ताट्याही आम्ही दारात समोरासमोर बसूनच शिवायचो. वंदना तिथंच झाली. मग मी कूलरच्या जाळ्यांचं दुकान टाकलं, दोन खोल्या घेतल्या, लोखंडी कूलर आणला. वाळा महागला, लोक लाकडाचा भुसा भरायला लागले, मग ते मधाच्या पोळ्यासारखे कागदाचे पॅड आले, तेव्हा दुकान बंद केलं. आमच्या घरच्या कूलरला मात्र दरसाल वाळाच. दरसाल होळी झाली की व्हरांड्यात ताटी उभी, मी भिंतीकडं, ती पायरीकडं. आणि दरसाल शिवता शिवता ती एकदा तरी विचारायचीच.

"आत कसं असेल हो?"

"थंड. दुसरं काय असणार?"

हे मी इतक्या खात्रीनं सांगायचो जसा काही मी आत जाऊन आलोय.

ती बोलायची त्यात राग नव्हता. तोच मला टोचायचा, नसलेला राग. बायका एखादी गोष्ट लावून धरतात, भांडतात, मग माणूस हो म्हणतो आणि मोकळा होतो. हिनं भांडण काढलंच नाही. वर्षातून एकदा नुसतं विचारायचं, तांदळात खडा आहे का बघावा तसं. देवडीचं हॉटेल झालं तेव्हा वंदना पहिल्यांदा म्हणाली, आईबाबा, चला. मी म्हटलं, ज्या घरात मागच्या दारानं गेलो तिथं पुढच्या दारानं कशाला मिरवायचं. पुढच्या वर्षी म्हटलं, गुडघे दुखतात. त्याच्या पुढच्या वर्षी म्हटलं, बघू. असं करत करत ती सकाळ आली. आधी ताटी होऊ दे.

यंदा वंदनानं मला विचारलं नाही. गाडी घेऊन आली आणि बसा म्हणाली. तिचं मराठी अर्धं तेलुगू, अर्धं इंग्रजी, पण हुकूम करताना अगदी आईसारखं. मी बसलो.

फाटकाशी बग्गी उभी होती. तीच की दुसरी, सांगता येत नाही. सोनेरी रंग दिलाय, चाकं लावलीत, लोक चढून फोटो काढतात. बग्गीखान्यात कॉफी मिळते. जिथं आमची चूल होती तिथं एक जोडपं बसलं होतं, दोघंही आपापल्या फोनमध्ये. फाटकापाशी एकानं माझ्या कपाळाला गंध लावलं, गळ्यात हार घातला. मी वंदनाला म्हटलं, मला काय लग्नाला आणलंय का. ती म्हणाली, बाबा, प्लीज.

वंदनानं मोठ्या दालानातली खोली मागून घेतली होती. मी आधी उंबरा बघितला. पांढरा शुभ्र. पॉलिश मारलंय. डाग नाही. मी वाकून बोट फिरवलं, तर वंदना म्हणाली, काय शोधताय? म्हटलं, तुझी आई. मला तसं बोलायचं नव्हतं.

आत झुंबर, यावेळी उघडं. मोठा पलंग. एसीचा गारवा, दवाखान्यासारखा, नुसता थंड, वास नसलेला. आणि काचेच्या दाराबाहेर, कमानीत, त्यांनी शोभेला वाळ्याची ताटी टांगलेली. मशीनवर शिवलेली, टाके लांब लांब, आणि कोरडी ठणठणीत. दुपारचे दोन वाजले होते. मी वंदनाला म्हटलं, एसी बंद कर, काच सरकव, आणि न्हाणीतून बादली आण. तिनं विचारलं, आता? मी म्हटलं, आताच, वारा आहे तोवर. मॅनेजर आला. ती त्याच्याशी इंग्रजीत काय बोलली देव जाणे, तो हात मागं बांधून बाजूला उभा राहिला.

वंदना बाहेर गेली आणि मग्यानं पाणी मारायला लागली. मी आत खुर्चीवर बसलो.

आधी वास आला. मग थोड्या वेळानं वारा आला. आणि आता मला खरं सांगता येईल. थंड नाही. थंड हा शब्दच चुकीचा होता. आत बसलं की ऊन दिसतं, पण लागत नाही. वाळ्याच्या मुळांमधून उजेड गाळून येतो, ताकाच्या निवळीसारखा. प्रत्येक थेंब खाली उतरताना चमकतो. पाण्याचा आवाज येतो, टपटप, आणि अंगावर वारा असा येतो की कुणीतरी ओल्या हातानं कपाळ पुसतंय. माणूस बोलेनासा होतो.

आणि आणखी एक. बाहेर उन्हात वंदना उभी होती, आणि ती मला पूर्ण दिसत होती. सावलीसारखी, पण पूर्ण. पदर खोचलेला नव्हता, जीन्स घातली होती, पण हात वर करून पाणी मारायची तऱ्हा तीच. तिनं कपाळावरचा घाम पुसला, तेसुद्धा दिसलं. मला एकदम कळलं. बेगमसाहेबांना सरू दिसत होती. सगळा उन्हाळा दिसत होती. ती पिठलं कसं करतात ते हातवारे करून दाखवायची ते त्या बघत होत्या. मी तिला वेडी म्हटलं होतं. आणि त्या दुपारी, पाणी कौन मारता म्हणताना तिचं तोंड कसं झालं होतं, ते मी कमानीआड होतो म्हणून मला दिसलं नाही, पण त्यांना दिसलं असणार. म्हणूनच दुसऱ्यांदा विचारून त्या थांबल्या. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आत कसं असेल हो? आता मला सांगता येतंय. सगळं सांगता येतंय, अगदी टपटपसुद्धा. कुणाला सांगू? वंदनाला सांगितलं थोडं. ती ऐकते, पण तिनं विचारलेलं नाही. विचारणाऱ्याला सांगण्यात आणि असंच कुणाला सांगण्यात फरक असतो.

पलंग मऊ होता. झोप लागली, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट राहिली. गेल्या वर्षीची. सरू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

संध्याकाळीच नेलं होतं तिला. घरात माणसं निजलेली, तिच्या खाटेच्या जागी दिवा. मी सहाला उठलो, व्हरांड्यात आलो. ताटी तशीच उभी होती, विटांना टेकून. दाभण तिच्या बाजूला खोचलेलं. ते घ्यायला मी पायरीकडं गेलो आणि तिच्या पाटावर बसलो. पन्नास वर्षांत त्या बाजूला पहिल्यांदा बसलो.

सूर्य नुकता वर आला होता आणि तिथं तो सरळ ताटीवर पडतो, बसणाऱ्याच्या मानेवर पडतो. माझ्या बाजूला भिंतीची सावली. मी सावली घेतली होती, रोज, दरसाल, न विचारता. बसलो आणि समोर वाळ्यात बघितलं. काही दिसेना. नुसता काळा वाळा. माझ्या बाजूनं मला ती सदा दिसत आलेली, बांगड्या, कोपर, वाकलेली मान, सगळं. मला वाटायचं तिलाही मी तसाच दिसत असणार. उजेडातून अंधारातलं दिसत नाही. एवढी साधी गोष्ट. पन्नास वर्षं ती एका काळ्या भिंतीत दाभण घालत होती, आणि ते परत येतंय एवढ्यावरून धरून चालली होती की पलीकडं मी आहे. आहात ना? मी म्हणायचो, जातोय कुठं.

दाभण घेतलं. सुतळी वाळली होती, तोंडात धरून ओली केली. टाका घातला. दाभण अर्धं आत गेलं आणि थांबलं. पलीकडून कुणी ओढेना. मी उठलो, वळसा घालून भिंतीकडं गेलो, ओढलं, कामटीवरून फिरवलं, परत घातलं. परत पायरीकडं आलो, ओढलं. एका टाक्याला दोन खेपा. गुडघे बोंबलायला लागले.

आवाजानं माझी मेहुणी जागी झाली असावी. दारात येऊन बघून गेली आणि आत जाऊन म्हणाली की म्हाताऱ्याला कूलरची पडलीय. ते मला ऐकू आलं. मग वंदना आली. डोळे सुजलेले. माझ्याकडं बघत उभी राहिली. मी वळसा घालून परत येईपर्यंत थांबली आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, आज हे कशाला?"

मी पाटावर बसलो होतो, ऊन मानेवर.

म्हटलं, "तुझ्या आईला सांगितलंय. ताटी झाली की जाऊ."

एकोणीस टाके राहिले होते. दहा वाजता झाले.